कोबीची मच्छरदाणी

घड्याळकाकांनी उभ्या आयुष्यात मातीला हात लावला नव्हता आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. दुकानाच्या खिडकीशी बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करून द्यायची, हा त्यांचा प्रांत. घरामागचं अंगण हा बायकोचा. तिथे ती कोबी लावायची, फ्लॉवर लावायची, कडेला नवलकोल. फुलझाडांचं तिला वावडं होतं. "ज्याचं पोट भरत नाही त्याला पाणी कशाला घालायचं?" असं ती तोंडावर म्हणायची. गल्लीत तिचं नाव कोबीमावशी पडलं होतं, आणि ते तिला आवडत असे.

काकांनी दुकान बंद केलं, तेव्हा घरात दोन माणसं आणि दिवसभराचा वेळ उरला. सकाळी ते मागच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसत आणि ती वाफ्यात वाकून एकेक पान उलटं करून बघत असे. काय बघते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ती सांगायलाही गेली नाही. दोघांचं छान चाललं होतं.

एका सकाळी ती पान उलटता उलटता थांबली. मग तिने ते पान चाचपलं. तिचं बोट पानातून आरपार गेलं.

"अहो, हे केव्हा झालं?"

"काय?"

"ही भोकं."

काका चहा ठेवून जवळ गेले. कोबीच्या पानांची चाळणी झाली होती. फ्लॉवरच्या रोपांचे तर नुसते देठ आणि शिरा उरल्या होत्या. ही भोकं ते चांगले आठवडाभर पायरीवरून बघत होते.

"मला वाटलं, कोबीला असतातच," ते म्हणाले.

एरवी या वाक्यावर तिने त्यांची इतकी टर उडवली असती की लेकीपर्यंत फोन गेला असता. पण ती हसली नाही. ती तशीच वाफ्याच्या कडेला मातीत बसली आणि हातातलं पान उगाच सरळ करत राहिली.

"मी रोज बघत होते," ती म्हणाली. "रोज सगळी पानं उलटून बघत होते. मला दिसलीच नाहीत."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि मग खुर्ची जवळ ओढून समजावून सांगितलं. डोळ्याच्या मधोमध जी जागा असते, जिच्यामुळे आपण वाचतो, सुई ओवतो, माणसांचे चेहरे ओळखतो, ती झिजली आहे. कडा शाबूत आहेत. कडेकडेचं दिसत राहील, अगदी अंधार काही होणार नाही.

काकांचा जन्म झिजलेले भाग बदलण्यात गेला होता. "तेवढाच भाग बदलता नाही का येत?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नाही हो काका," त्या म्हणाल्या. "तेवढाच नाही येत."

परतताना काकांच्या हळूहळू एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. ही हल्ली वर्तमानपत्र त्यांना मोठ्याने वाचायला सांगायची आणि वर म्हणायची, तुमचा आवाज बरा लागतो. दुधाच्या पातेल्याशी कान देऊन उभी राहायची. दारात कोणी आलं, की ते बोलेपर्यंत नुसती हसत राहायची. ज्या माणसाला घड्याळातली केसाएवढी कमान वाकलेली दिसायची, त्याला बाजूला बसलेलं माणूस दिसलं नव्हतं. त्यांना फार अपराधी वाटलं. तसं ते बोलायला गेले, तर तिने मध्येच तोडलं.

"ते राहू द्या. कोबी मरतोय. उद्यापासून पानं तुम्ही उलटायची."

"मी?"

"मग काय, डॉक्टरीणबाईंना बोलवू?"

दुसऱ्या दिवशी काका भिंग घेऊन वाफ्यात उतरले. त्यांचे गुडघे कुरकुरले आणि ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरले. मावशी शेजारी पाटावर बसली.

"पानाची खालची बाजू बघा. वरून काही सापडायचं नाही. ती पांढरी फुलपाखरं असतात ना, पंखांच्या टोकाला काळी? फार साळसूद दिसतात. येतात, क्षणभर टेकतात आणि खाली अंडी चिकटवून पसार. पिवळी असतात."

"आहेत!" काका ओरडले. "अगं, केवढी आहेत! उभी आहेत!"

"उभी म्हणजे?"

"टोकावर उभी. मक्याच्या कणसाएवढी... नाही, एवढी नव्हे, कणसासारखी. अंगावर बारीक रेघा आहेत बघ, वरपासून खालपर्यंत. कोणीतरी कानशीने मारल्यासारख्या. काय काम आहे गं!"

मावशी ऐकत होती. इतकी वर्षं तिने ही अंडी अंगठ्याने चिरडली होती, पण तिच्या लेखी ते नुसते पिवळे ठिपके होते. "रेघा आहेत?" तिने पुन्हा विचारलं. "सगळ्यांना?" काकांनी सगळ्यांचं वर्णन केलं. मग ती म्हणाली, "बरं. आता चिरडा."

इथे काकांचं घोडं अडलं. अंडी त्यांनी डोळे मिटून कशीबशी पुसली, पण अळी काही त्यांच्याच्याने मारवेना. पानाच्या मधल्या शिरेला चिकटून, शिरेचाच रंग घेऊन ती हिरवी, मऊ, मखमली अळी निवांत पडली होती. त्यांनी तिला चिमट्याने उचललं, तर तिने अंगाचं वेटोळं करून घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही. झोपलीय."

"द्या इकडे," मावशीने हात पुढे केला, आणि काम संपलं. काकांनी तोंड फिरवलं. "तुम्ही ना," ती म्हणाली, "भाजी खायच्या वेळी नाही कधी तोंड फिरवलंत."

असे दिवस जाऊ लागले. काका शोधायचे, मावशी निकाल लावायची. काळपट हिरव्या बारीक लेंड्या दिसल्या की अळी त्याच पानाच्या आसपास असते, हे काका शिकले. गड्ड्याच्या पोटात शिरली की ती हाती लागत नाही, म्हणून आधीच गाठायची, हेही शिकले. तरी रोज नवी अंडी होतीच. पुसावी तितकी कमीच.

मग ती सकाळ आली. काका एका नवलकोलाशी झटत होते. मावशी पाटावर, मान जराशी तिरकी करून बसली होती. एकाएकी तिने हात उचलला.

"ती बघा! आली मेली!"

तिच्या बोटाच्या दिशेने काकांनी पाहिलं. भिंतीवरून एक पांढरं फुलपाखरू खाली उतरत होतं. मावशीचं बोट त्याच्यामागे फिरलं. फुलपाखरू फ्लॉवरकडे वळलं तर बोट फ्लॉवरकडे, वर गेलं तर वर. काकांच्या हातून चिमटा गळून पडला.

"तुला दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? चांगलं फडफडतंय की." आणि बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. हात हवेत तसाच राहिला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "मला दिसतंय."

काका तिच्यासमोर येऊन बसले. जे विचारायला इतके दिवस जीभ रेटत नव्हती, ते त्यांनी विचारलं. "आणि मी? मी दिसतो का?"

"तुमच्याकडे बघितलं की तुम्ही नाहीसे होता," ती म्हणाली. "बाजूला बघितलं की जरा जरा येता. हलत असलात तर जास्त येता. तुम्ही मुळात बसता दगडासारखे, त्याला मी काय करू?"

काकांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले.

"पुरे," ती म्हणाली. "शेजारी बघतील."

शेजारी म्हणजे प्लंबर. पलीकडच्याच घरात राहायचा, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. भिंतीवरून डोकावून त्याने काकांची मातीतली कसरत बरेच दिवस पाहिली आणि शेवटी त्याला राहवेना.

"काका, किती दिवस असं रांगणार? झाकून टाका की वाफा. माझ्याकडे पाइपांचे तुकडे पडलेत, कमानी वाकवून देतो. वरून एखादी जाळी टाका."

जाळीचा प्रश्न मावशीने सोडवला. कपाटाच्या तळाशी जुनी दुहेरी पलंगाची मच्छरदाणी होती, दोन ठिकाणी फाटलेली. तिला ठिगळं लावायला काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सुई हातात घेतली. टाके बारीक पडले, सरळ पडले, आणि मावशीने बोटं फिरवून ते पसंत केले. प्लंबरने कमानी रोवल्या. त्यावर मच्छरदाणी चढवायला तो निघाला, तेवढ्यात मावशीने त्याला जागच्या जागी थांबवलं.

"एवढ्या बुटक्या कमानी नकोत. उद्या कोबी वाढला आणि पान जाळीला टेकलं, की ती बया बाहेर बसून आतल्या पानावर अंडी घालील. उंच करा. आणि आधी सगळी पानं पुन्हा बघा. आत एक जरी अळी राहिली, तर आपणच तिला घर बांधून दिल्यासारखं होईल. तिला खायला ना चिमणी आत येणार, ना कोणी."

"मावशी, तुम्ही माझ्याकडे कामाला या," प्लंबर म्हणाला. "मला कोणीच एवढं ओरडत नाही."

कमानी उंच झाल्या. पानं तपासून झाली. मच्छरदाणी ताणून बसवली, कडा मातीत पुरल्या आणि वर विटा ठेवल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोबीला कोणी दुपारची झोप घ्यायला आत निजवलंय. पांढरी फुलपाखरं आली, जाळीवर बसली, इकडून तिकडे फिरली आणि भिंतीपलीकडे निघून गेली. पुढचे काही दिवस येत राहिली. मग यायची थांबली.

कोबीने अंग धरलं. मधली पानं कोवळी, अखंड निघू लागली. काका खूश होते. आता गुडघे मोडायला नकोत, अळ्या उचलायला नकोत. सगळं कसं मार्गी लागलं होतं, आणि मावशी मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

सकाळी ती सवयीने बाहेर येऊन बसायची. मान तिरकी करायची. बराच वेळ तशीच बसायची, आणि मग काही न बोलता उठून आत जायची. लेकीचा फोन आला की "हो, ठीक, जेवले" एवढ्यावर संपायचं. एकदा लेकीने काकांनाच खोदून विचारलं, "बाबा, आईला काय झालंय? तुम्ही काही बोललात का?"

"मी कशाला बोलेन? ती बोलायची, मी ऐकायचो, हेच आमचं आहे ना."

"मग आता काय वेगळं झालंय?"

काका फोन ठेवून मागच्या पायरीवर येऊन बसले. समोर मच्छरदाणी, त्यात स्थिर उभा कोबी, भिंत, आकाश. वारासुद्धा नव्हता. त्यांनी बायकोसारखी मान तिरकी करून पाहिलं. काहीच हलत नव्हतं. आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. या अंगणात तिला दिसणारी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी विटा ठेवून बाहेर काढली होती.

ते कोणाला काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर मोहरी घेतली. अंगणात नळापलीकडे एक रिकामा तुकडा होता, मावशी बसायची त्याच्या बरोबर उजव्या हाताला. तिथे कुदळीने माती उकरली, मूठ रिकामी केली, पाणी ओतलं. मोहरी तरारून उगवली, एकमेकींच्या अंगावर चढून दाट झाली, आणि काही दिवसांनी सकाळच्या उन्हात भिंतीवरून पहिलं पांढरं फुलपाखरू खाली उतरलं. मग दुसरं. मग त्यांची रीघच लागली.

मावशी चहा पिता पिता थांबली. मान फिरली. चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि मग लगेच कपाळाला आठी पडली.

"ही इथे कशी?"

"कोण?" काका म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती आणि ते लगेच कळत असे.

"सोंग नका करू. कोबी झाकलेला आहे. मग ही कशाच्या वासावर आली?" ती उठली, नळाला हात लावून दिशा धरली आणि सरळ त्या तुकड्याशी जाऊन उभी राहिली. वाकून एक पान खुडलं, चुरडलं, नाकाशी नेलं. "मोहरी!"

"शोभेचं काहीतरी उगवलंय वाटतं," काका पुटपुटले.

"शोभेचं! कोबीच्या घराण्यातली आहे ही, मला शिकवता?" तिने पान उलटलं, बोट फिरवलं. बोटाला बारीक दाणे लागले. "आणि अंडी! अहो, माझ्या अंगणात माझ्याच वैऱ्यांना पंगत मांडलीत? सगळी हयात मी यांच्या मागे घालवली, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे त्यांना पेरून खायला घालताय?"

काकांनी मान खाली घातली. मग आठवलं, की मान खाली घातलेली तिला दिसणार नाही. बोलावंच लागणार.

"तुला ती दिसतात," ते म्हणाले. "म्हणून."

नळ ठिबकत होता. मावशीच्या हातात चुरडलेलं पान होतं. ती त्यांच्या उजव्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होती, आणि काकांना आता माहीत होतं की ती त्यांच्याकडेच बघते आहे. ते न सांगता जरासे हलले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं. आवाज बदलला होता.

"कोणी नाही. तू बोलायची थांबलीस."

तिने पदराने नाक पुसलं. पुन्हा खाली वाकली, मोहरीच्या गर्दीत हात घातला आणि चाचपत राहिली. काकांना वाटलं, आता ही सगळी उपटून टाकणार.

"एवढी दाट पेरतात का?" ती म्हणाली. "हातात आली तेवढी सांडून दिलीत वाटतं. श्वास घ्यायला जागा नाही बिचारीला. पुढच्या वेळी ओळीत पेरा, बोटभर अंतर ठेवून. आणि हे निम्मं आत्ताच काढा."

"म्हणजे राहू दे?"

"मी काढा म्हटलं ते ऐकू आलं ना? निम्मं."

त्या दिवसापासून अंगणाची वाटणी झाली. जाळीच्या आतला भाग मावशीचा, नळापलीकडचा फुलपाखरांचा. सीमा ओलांडली तर गय नाही, असं तिने जाहीर केलं. सकाळी ती पाटावर बसायची आणि काकांना बातम्या द्यायची. आज दोन भांडली. आज एक फार उशिरा आली. मोहरीला फुलं आली, तेव्हा तर तिची सकाळ दुपारपर्यंत लांबायला लागली. काका शेजारी बसून ऐकायचे, आणि मध्येच हात हलवायचे, विनाकारण.

एकदा जोराचा वारा सुटला. मच्छरदाणीचा एक कोपरा विटेखालून निसटला. सकाळी काका कडा नीट करायला गेले तेवढ्यात पाटावरून हाक आली.

"आत आहे एक!"

काकांनी जाळीला नाक लावून पाहिलं. सगळीकडे हिरवी पानं. "कुठाय? मला नाही दिसत."

"तुम्ही रोखून बघता ना, म्हणून. मागच्या कमानीपाशी. आता खाली आली. आता फ्लॉवरवर... सरका, मलाच जाऊ द्या."

आणि कोबीमावशी, गुडघ्यांवर रांगत, मच्छरदाणीचा पडदा उचलून आत शिरली. बाहेर काकांचा जीव टांगणीला. आत तिची सावली इकडून तिकडे हलत होती, मान एका खांद्यावर, हात पुढे. एकदा चुकली, पुटपुटली. पुन्हा हात गेले आणि मिटले. ती बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले, कपाळाला माती, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर हलकेच धरलेले.

काका दुसरीकडे बघू लागले. अंगठ्याचं काम त्यांना माहीत होतं.

पण ती त्यांच्याजवळ थांबलीच नाही. नळापर्यंत गेली, मोहरीच्या ओळींशी वाकली आणि हात उघडले. फुलपाखरू क्षणभर तळव्यावर बसून राहिलं. मग उडालं.

"तुम्हाला उगाच वाटायला नको की मी मऊ पडले," ती हात झटकत म्हणाली. "आतली अंडी शोधा आता. ती घालून ठेवली असणार. आणि ती मात्र चिरडायची."

काकांनी भिंग आणलं. मोजकीच होती, दोन पानांवर. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याने, डोळे उघडे ठेवून, ती पुसली.

कोबी तयार झाला. मावशीने गड्डा दोन्ही हातांनी दाबून पाहिला, घट्ट लागला तेव्हा सुरी मागितली. पहिला गड्डा प्लंबरकडे गेला. त्याने तो भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी न्याहाळला.

"एक भोक नाही, काका! माझ्या बायकोलाही लावायचाय कोबी. पाइप माझेच, जाळी आणतो. पण ते कसं, किती उंच, कुठे काय, ते मला नाही जमायचं. मावशी येतील का सांगायला?"

काकांनी पाटाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून मावशी फाटकाबाहेर पडली नव्हती. ओळखीची माणसं समोर येतात आणि आपल्याला ओळखू येत नाहीत, याची तिला लाज वाटायची. लेक सांगून थकली होती, काकांनीही हात टेकले होते.

"पाइप किती वाकवलेत?" पाटावरून आवाज आला.

"अजून नाही वाकवले, मावशी."

"वाकवू नका. तुम्ही परत बुटके कराल." ती उठली आणि हात पुढे केला. "चला हो. चपला कुठे आहेत माझ्या?"

काकांनी चपला आणून पायाशी ठेवल्या. फाटक उघडलं. ती त्यांच्या दंडाला धरून बाहेर आली, रस्त्याच्या कडेशी क्षणभर थांबली. समोरून कोणी बाई पिशवी घेऊन येत होती.

"पोस्टातली आहे," काका कानाशी म्हणाले. "हिरव्या साडीत. हसतेय."

"बरं आहे ना?" मावशीने त्या बाईच्या जरा बाजूला बघत मोठ्याने विचारलं.

"अगं बाई, कोबीमावशी! किती दिवसांनी!"

"हो ना. जरा कामात होते," मावशी म्हणाली, आणि काकांच्या दंडाला हलका चिमटा काढून चालू लागली. "आणि अहो, त्याच्या बायकोला पहिल्यांदा हेच सांगायचं की पान उलटून बघ. तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका. तुम्हाला काय, भोकं असतातच वाटलं होतं."